रग्बीचा स्क्रम फुटबॉलवाल्या शेजाऱ्यांना कसा समजवायचा?

सईची_आई
नमस्कार मंडळी,
लेक ओहायोत कॉलेजला आहे. पहिल्या वर्षी दोन महिने घरच्या आठवणीने रडत होती. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, मी रग्बी खेळायला लागलेय." आता दुसरं वर्ष चालू आहे आणि तिच्या पाठीवर ३ नंबर आहे. टाइटहेड प्रॉप. शनिवारी दोन तास गाडी चालवून मी तिच्या मॅचला जाते. सोबत आमचे शेजारी काका-काकू येतात. सई सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलीय, त्यामुळे त्यांचा जीव तिच्यात. दोघंही फुटबॉलवेडे, म्हणजे इथला, अमेरिकन. काका शाळेच्या टीमात गार्ड होते, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्याला रेटून अडवणारे.

मैदानाकडेला खुर्च्या टाकून बसलं की प्रश्न सुरू. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, कोण? हा कितवा डाउन, म्हणजे कितवा प्रयत्न? आणि स्क्रम लागला की सगळ्यात मोठा प्रश्न: सोळा जणी एकमेकींत डोकी घालून नक्की करतात काय, आणि सगळं कोसळल्यावर रेफरी दोष कुणाला देते, ते कशावरून?

मी सांगलीची, शाळेत कबड्डी खेळलेय, त्यामुळे माझ्यापुरतं थोडंफार उमगतं. पण त्यांना सांगताना मी म्हणते, "हे लाइन ऑफ स्क्रिमेजसारखं." मग त्यांचा पुढचा प्रश्न येतो आणि माझी गाडी तिथेच अडते. येत्या शनिवारच्या आत कुणी मदत करेल का?

दक्षिणवारा
ताई, आधी लेकीचं अभिनंदन. ३ नंबर सहजासहजी कुणाला देत नाहीत.

क्राइस्टचर्चला राहून १४ वर्षं झाली. इथे माझ्या दोन्ही मुलांनी रग्बी खेळली, आणि अमेरिकेहून आलेल्या सहकाऱ्यांना हा खेळ मी बऱ्याचदा समजावलाय. तुमची गाडी अडते ती "सारखं" या शब्दापाशी. स्क्रम लाइन ऑफ स्क्रिमेजसारखा नाही. फुटबॉलमध्ये प्रत्येक खेळी लाइनवर सुरू होते आणि गडी पडला की संपते. रग्बीत गडी पडला तरी खेळ चालूच. त्याने चेंडू सोडायचा, बाकीच्यांनी तो मिळवायला झटायचं. त्यामुळे डाउन मोजायचा प्रश्नच येत नाही. स्क्रम लागतो तो एखादी छोटी चूक होऊन खेळ थांबला तर. हातातून चेंडू पुढे निसटला, पास पुढे गेला, अशी चूक. ज्यांची चूक नाही त्यांचा स्क्रम-हाफ, म्हणजे ९ नंबर, मधल्या बोगद्यात चेंडू टाकतो. चेंडू कुणाच्याच हातात नसतो, जमिनीवर असतो. दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण रेटून त्यावर हक्क सांगतात. हे शेजारकाकांना पहिल्यांदा सांगा. स्नॅपमध्ये, म्हणजे खेळी सुरू करताना चेंडू मागे देतात तेव्हा, चेंडू कुणाचा ते ठरलेलं असतं. स्क्रममध्ये टाकणाऱ्याचं पारडं जड असतं, पण चेंडू हिसकावता येतो.

आता आठ जण कोण? पुढच्या फळीत तिघं: १ लूजहेड प्रॉप, २ हुकर, ३ टाइटहेड प्रॉप. त्यांच्या मागे ४ आणि ५, हे लॉक, संघातले सगळ्यात उंच. दोन्ही कडांना ६ आणि ७, फ्लँकर. सगळ्यात मागे ८, त्याला दुसरं नावच नाही, नंबर एट. हे झाले फॉरवर्ड. ९ पासून १५ पर्यंतचे बॅक. नंबर जागेचा असतो, माणसाचा नाही. ३ नंबर दिसला की तो टाइटहेड, मग जगातल्या कुठल्याही संघाचा असो. फुटबॉलवाल्यांना हे आवडतं, कारण त्यांच्याकडेही ५० ते ७९ म्हणजे बहुतेक लाइनवाले असा अंदाज बांधता येतो.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे सोळा जण वाकून चेंडू शोधताहेत आणि सतराव्याला तो कुठाय ते पक्कं माहितीये! आमच्या घरी सकाळी किल्ल्या शोधताना डिट्टो हेच चित्र असतं.

खडकीचा_गडी
फौजेत असताना सहा वर्षं रग्बी खेळलो, तीही पुढच्या फळीत. ताई, तुमची लेक नक्की काय करते ते आतल्या माणसाच्या नजरेने सांगतो.

डोकं खाली घातलं की समोरच्याची छाती आणि ओलं गवत, याखेरीज काही दिसत नाही. कानावर येतो तो फक्त रेफरीचा आवाज. "क्राउच" म्हटलं की वाकायचं. "बाइंड" म्हटलं की प्रॉपने समोरच्या प्रॉपच्या जर्सीला पाठीवर किंवा कुशीत घट्ट धरायचं. दंडाला नाही, कॉलरला नाही. "सेट" म्हटलं की भिडायचं. त्या क्षणी मानेपासून टाचेपर्यंत एक कळ जाते आणि मागून लॉकचा खांदा मांडीवर येऊन बसतो. लॉकचं डोकं असतं हुकर आणि प्रॉपच्या कमरांच्या मधे. म्हणून लॉक कानांवर पट्टी गुंडाळतात, नाहीतर कान सोलवटून निघतात.

आता लूज आणि टाइट. १ नंबरच्या डोक्याच्या डाव्या बाजूला कुणी नसतं, ती मोकळी, म्हणून लूजहेड. ३ नंबरचं डोकं समोरच्या १ आणि २ यांच्या मधे अडकलेलं, दोन्ही खांद्यांवर भार, म्हणून टाइटहेड. समोरचे दोघं मिळून तिला दाबतात, वर उचलायला बघतात, आत वळवायला बघतात. ती सरळ राहिली तर अख्खा स्क्रम सरळ राहतो. रग्बीत एक जुनं बोलणं आहे: संघात सगळ्यात महत्त्वाचा माणूस टाइटहेड, आणि दुसऱ्या नंबरचा महत्त्वाचा म्हणजे राखीव टाइटहेड.

शेजारकाका गार्ड होते ना? त्यांना सांगा, दोघांनी मिळून एकाला रेटायचं, म्हणजे त्यांचा डबल टीम ब्लॉक, सई प्रत्येक स्क्रमला अंगावर घेते. आणि स्क्रम सुटला की तीच सई उठून पळते, टॅकल मारते, चेंडू हातात घेऊन धावते. गार्डला पास झेलायची मुभा नसते. प्रॉपला सगळ्याची मुभा आहे.

सईची_आई
खडकीचे दादा, हे वाचताना डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी फक्त जर्सीवरचा चिखल बघत होते.

फिली_फणस
अहो, फिलाडेल्फियात राहून मी गप्प कसा बसू? ईगल्सचा, म्हणजे आमच्या फुटबॉल संघाचा, टश पुश दाखवा की त्यांना! क्वार्टरबॅक सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्याच्या, मागे चिकटून उभा, मागून दोघं-तिघं त्याला ढकलतात, अर्धा यार्ड मिळवायचा. २००५ पर्यंत चेंडूवाल्याला मागून ढकलायलाच बंदी होती. २०२५ च्या मे महिन्यात हा डाव बंद करायचा ठराव संघमालकांपुढे आला, २२ मतं पडली, लागत होती २४. वाचला! आणि त्या लाइनमध्ये लेफ्ट टॅकलला उभा जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियातून आलेला रग्बीवाला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या फेरीत घेतला, तोवर आयुष्यात फुटबॉलची एक मॅच खेळलेला नव्हता. २०२५ ला सुपर बोल जिंकला. यापेक्षा चांगला पुरावा काय हवा?

दक्षिणवारा
फणसभाऊ, मायलाटा माझाही आवडता. पण दोन दुरुस्त्या. तो रग्बी लीग खेळायचा. तिथे १३ जण असतात आणि स्क्रममध्ये खरी रेटारेटी जवळजवळ उरलेलीच नाही. ताईंची सई खेळते ती युनियन, १५ जणांची.

दुसरं, टश पुश स्क्रमपेक्षा मॉलच्या जवळ आहे. चेंडू हातात धरलेला गडी उभाच धरला जातो आणि त्याचे साथीदार मागून बांधून ढकलतात, तो मॉल. स्क्रममध्ये चेंडू जमिनीवर असतो आणि दोन्ही बाजू भिडायच्या आधीच एकमेकांना धरून असतात. प्रतिस्पर्ध्याला धरून उभं राहायचं, ही कल्पनाच फुटबॉलवाल्यांना नवी वाटते. तुम्ही समोरच्याला पाडायला बघता आणि त्याच्याच आधारावर उभेही असता. एकाने कच खाल्ली की दोघंही पडतात.

जुनेपान
या वादात थोडा इतिहास. "स्क्रिमेज" आणि "स्क्रमेज" हा मुळात एकच शब्द. १८७४ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिलचा संघ हार्वर्डशी खेळायला अमेरिकेतल्या केंब्रिजला आला, तेव्हा हार्वर्डवाल्यांनी रग्बीच्या धर्तीचा खेळ पाहिला आणि त्याच्या प्रेमातच पडले. काही वर्षं अमेरिकन कॉलेजं तोच खेळत होती, स्क्रमसकट. १८८० ला येलच्या वॉल्टर कँपने सुचवलं की ही झोंबाझोंबी नको, चेंडू एका संघाच्या ताब्यात द्यावा आणि मधल्या गड्याने तो मागे द्यावा. १५ चे ११ गडी झाले तेही तेव्हाच. पण मग ताबा मिळालेला संघ चेंडू सोडेचना, म्हणून १८८२ ला डाउन आले: तीन डाउनमध्ये ५ यार्ड पुढे जायचं. पास पुढच्या दिशेने फेकायची मुभा १९०६ ची.

म्हणजे ताईंच्या शेजाऱ्यांचा अख्खा खेळ स्क्रमची गाठ सोडवताना जन्माला आलाय. टचडाउन हा शब्दही रग्बीचाच उरलेला. रग्बीत ट्रायसाठी चेंडू रेघेपलीकडे खरोखर जमिनीला टेकवावा लागतो, फुटबॉलमध्ये रेघ ओलांडली तरी पुरतं.

शब्दवेल्हाळ
मला मराठी नावं सुचताहेत. प्रॉप म्हणजे सरळसरळ *टेकू*. हुकर पायाने चेंडू मागे ओढतो, म्हणून *आकडी*, आंबे काढायची असते ती. लॉकला *खीळ*. नंबर एट सगळ्यांच्या मागून दिशा धरतो, तो *सुकाणू*. बाइंड म्हणजे *जू*.

वऱ्हाडी_ठेचा
डावा टेकू, उजवा टेकू, मधे आकडी. पाठ झालं!

टेम्सकाठची
सुकाणू अगदी बरोबर. ८ नंबर चेंडू पायाशी धरून ठेवतो, स्क्रम पुढे सरकत असेल तर सरकू देतो आणि योग्य क्षणी उचलून धावतो.

मी २७ सप्टेंबर २०२५ ला ट्विकनहॅमला होते, बायकांच्या विश्वचषकाची फायनल. ८१,८८५ प्रेक्षक. इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ हरवलं. माझ्या शेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती आणि ती ट्राय मारणाऱ्यांची नव्हे, प्रॉपची नावं घेऊन ओरडत होती. बॉटरमन! बर्न! हे बघून जे वाटलं ते अजून शब्दांत बसत नाही. जाडजूड, दणकट मुलींनाही खेळात मानाची जागा आहे आणि त्यांच्या नावाने स्टेडियम घुमतं. सईला सांगा, तिच्या जागेवर सेरा बर्न खेळते. तिचे व्हिडिओ बघ म्हणावं, स्क्रमही आणि चेंडू घेऊन पळणंही.

मरीनलाइन्सचा
मूळ प्रश्नात एक राहिलंच: क्वार्टरबॅक कोण? माझ्या मते १०, फ्लाय-हाफ. लाथ मारायची, पास द्यायचा की स्वतः धावायचं, हे तोच ठरवतो.

फिली_फणस
नाही पटलं. प्रत्येक वेळी चेंडूला पहिला हात लावतो ९. स्नॅप घेतो तो क्वार्टरबॅक. आणि सगळ्या फॉरवर्डांना ओरडून कामाला लावतो तोही ९ च.

मरीनलाइन्सचा
अहो, पण २०१९ च्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेचे ३२ पैकी २२ गुण १० नंबरच्या हँड्रे पोलार्डने लाथेनेच काढले. मग तो कोण, नुसता किकर?

खडकीचा_गडी
तुम्ही दोघं ज्या मॅचवर भांडताय त्याच मॅचमध्ये ताईंचं उत्तर आहे.

योकोहामा, २०१९. इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंक्लर पहिल्या पाच मिनिटांतच डोक्याला मार लागून बाहेर गेला. त्याच्या जागी डॅन कोल आला आणि त्याला जवळजवळ सगळा सामना एकट्याने ओढावा लागला. समोर दक्षिण आफ्रिकेचा लूजहेड तेंदाई म्तावारीरा, ज्याला लोक बीस्ट म्हणतात. स्क्रममागून स्क्रम इंग्लंडची फळी उचलली गेली, रेफरीने पेनल्टी दिल्या आणि पोलार्डने एकूण सहा पेनल्टी गोलात घातल्या. एका पेनल्टीचे ३ गुण. लाथ पोलार्डची खरी, पण त्यातले बरेच गुण पुढच्या फळीने कमावलेले होते. फुटबॉलवाले म्हणतात ना, मॅच ट्रेंचमध्ये, म्हणजे पुढच्या रेटारेटीत, जिंकतात? तेच. फरक इतकाच की इथे ट्रेंच जिंकल्याचे गुण थेट फलकावर चढतात.

आता रेफरी दोष कसा ठरवते. ती बघते की पाठ कुणाची सरळ आहे, कोपर कुणाचं खाली गेलं, बाइंड कुणाचा सुटला, कोण तिरकं रेटतंय, कोण आधी उभं राहिलं. कमरेपेक्षा खांदे खाली गेले की समजा कोसळणार. "सेट"च्या आधी भिडलात तर फ्री किक. ही चूक म्हणजे काकांचा फॉल्स स्टार्टच. पण आत काय झालं ते कधी कधी आम्हा आतल्यांनाही कळायचं नाही. रेफरी चुकतात. ते मान्य करून खेळायचं.

फिजिओ_मृ
ताई, तुम्ही विचारलं नाहीत, पण आई म्हणून मनात असणारच: मान. मी खेळाडूंसोबत काम करते. पूर्वी दोन्ही फळ्या अंतर ठेवून उभ्या राहायच्या आणि धडकायच्या. ती धडक कमी व्हावी म्हणून २०१३ पासून आधी बाइंड, मग भिडणं असा क्रम आला. २०२२ पासून हुकरने एक पाय पुढे रोवून ठेवायचा, म्हणजे भिडण्याआधीच सगळा भार मानांवर येत नाही. शिवाय पुढच्या फळीत तयार खेळाडूच लागतो. तो नसेल तर न रेटता स्क्रम लावतात. म्हणूनच राखीव आठांत पुढच्या फळीचे तिघं ठेवावेच लागतात.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. सईला मानेचे आणि पाठीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा करू द्या. आणि मान दुखत असताना "चालतंय गं" म्हणाली तर ऐकू नका. मैदानाबाहेर बसवा. यात मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

जुनेपान
स्क्रमवर लोकांचं किती प्रेम असतं याचा एक किस्सा. २०२३ च्या विश्वचषकाची क्वार्टरफायनल, पॅरिस, दक्षिण आफ्रिका विरुद्ध फ्रान्स. आफ्रिकेच्या डेमियन विलेम्सेने स्वतःच्या गोलजवळ उंच चेंडू झेलून "मार्क" मागितला, म्हणजे त्याला फ्री किक मिळाली. अशा वेळी कुणीही चेंडू लांब मारून मोकळा होतो. त्याने हाताने खूण केली: स्क्रम! स्वतःच्या दारात! का, तर फ्रान्सच्या फळीला दमवायचं होतं. आफ्रिका २९-२८ जिंकली. पुढच्याच वर्षी नियम बदलला, आता फ्री किकवर स्क्रम मागता येत नाही.

मरीनलाइन्सचा
तो नियम बदलला याचं मला अजून वाईट वाटतं. स्क्रममुळे सोळा जण एका जागी गुंततात आणि बॅकना धावायला मोकळं रान मिळतं. त्यातून बॅकना स्क्रमच्या शेवटच्या पायापासून पाच मीटर मागे थांबावं लागतं. शेजारकाकांना म्हणा, बॉक्समध्ये, म्हणजे चेंडूसमोरच्या मधल्या पट्ट्यात, आठ जण कोंबायची सक्ती दोन्ही संघांना! मग बाहेर काय होईल ते त्यांना चांगलं कळेल.

विषय निघालाच आहे तर, इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्यासाठी खेळतात तो कलकत्ता कप आपल्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये काढून, वितळवून तो कप घडवला. तीन नागांचे कान आणि झाकणावर हत्ती.

टेम्सकाठची
८ नंबरवरून आठवलं. ५ नोव्हेंबर २०१६, शिकागो, सोल्जर फील्ड. आयर्लंड विरुद्ध न्यूझीलंड. आयर्लंडचा जुना ८ नंबर अँथनी फोली तीनच आठवड्यांपूर्वी गेला होता. न्यूझीलंडने हाका, म्हणजे त्यांचं सामन्याआधीचं माओरी नृत्य, सुरू केला आणि समोर आयर्लंडचे खेळाडू उभे राहिले ते इंग्रजी ८ च्या आकड्यात. त्या दिवशी आयर्लंडने १११ वर्षांत पहिल्यांदा न्यूझीलंडला हरवलं, ४०-२९. बेअर्सच्या, म्हणजे शिकागोच्या फुटबॉल संघाच्या, मैदानावर. ताई, शेजाऱ्यांना हा व्हिडिओ आधी दाखवा, नियम मग सांगा.

सईची_आई
मंडळी, शनिवार झाला. सविस्तर लिहिते, तेवढं तुमचं देणं लागते.

गाडीत जाताना फोलीचा व्हिडिओ दाखवला. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मैदानावर पोचल्यावर मी "सारखं" हा शब्द अजिबात वापरला नाही. दक्षिणवारांनी सांगितलं तसं, चेंडू कुणाचाच नाही, इथून सुरुवात केली. आणि मला एक आपलं सुचलं. फोनवर दहीहंडीचा खालचा थर दाखवला. खांद्यात खांदे, माना खाली, एकाचे हात दुसऱ्याच्या पाठीवर. म्हटलं, असे दोन थर आडवे करून समोरासमोर भिडवा. काका म्हणाले, मग खालचा एक जण हलला तर? म्हटलं, तेच तर सईचं काम. हलायचं नाही.

त्यानंतर काका चेंडूकडे बघतच नव्हते. प्रत्येक स्क्रमला खुर्चीतून उठून बाजूला जायचे आणि वाकून सईची पाठ बघायचे. पहिल्या हाफमध्ये एकदा कोसळलं, पेनल्टी सईच्या विरुद्ध. काका म्हणाले, "तिचं कोपर खाली गेलं." हाफटाइमला सई आली, पाण्याची बाटली तोंडाला लावायच्या आधी म्हणाली, "आई, कोपर खाली गेलं माझं."

क्वार्टरबॅकचा वाद इथेही सुटला नाही. काकूंनी ९ ला क्वार्टरबॅक ठरवलंय, काकांनी १० ला. परतीच्या वाटेवर दोन तास तेच चालू होतं.

दुसऱ्या हाफमध्ये, शेवटची दहा मिनिटं, त्यांच्या गोलपासून पाच मीटरवर आमचा स्क्रम. रेफरीने "बाइंड" म्हटलं तेव्हा सईचा हात समोरच्या मुलीच्या पाठीवर गेला आणि जर्सीचा चुरगळा मुठीत आला. पाठ टेबलासारखी सपाट. एक पाऊल, दुसरं पाऊल, सगळं आठजणींचं जू पुढे सरकलं, आणि सुकाणूने चेंडू उचलून रेषेपलीकडे टेकवला. ट्राय दुसरीच्या नावावर लागला. काका मात्र मैदानाकडेला उभे राहून ओरडत होते, "थ्री! थ्री! थ्री!"

खडकीचा_गडी
ताई, तो फोटो असेल तर टाका. चेहरा दिसला नाही तरी चालेल, पाठ दिसू द्या.